एक्केचाळीस कमळं

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीतल्या एक्केचाळीस बायका मी एका दुपारी मारल्या. त्या वेळी मी सिंगापूरला होतो आणि त्या इथे आपापल्या घरी चहा पीत होत्या, पण त्याने काही फरक पडला नाही.

आमचा मुलगा केदार तेव्हा कंपनीच्या कामासाठी तिथे ऑनसाइट होता. (त्या काळी दर मजल्यावरचा एक मुलगा ऑनसाइट असायचा. ज्यांचा नसायचा ते लिफ्टमध्ये कोणाशी बोलत नसत.) डिसेंबरात त्याने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. पण माझी बायको सुनंदा हिच्या डोक्यात सिंगापूर नव्हतंच, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आदल्या वर्षी सी विंगच्या देशपांडेवहिनींनी दुबईच्या अत्तराच्या बाटल्या लुटल्या होत्या आणि सुनंदाने प्लास्टिकच्या गाळण्या. गाळणी चांगली होती. (आम्ही अजून वापरतो. बऱ्याच उरल्या.) पण वर्षभर एकीनेही गाळणीचा विषय काढला नाही, हे तिला फार लागलं होतं. विमानात बसल्या बसल्या ती म्हणाली, "यंदा वाण असं हवं की देशपांडेवहिनींनी ते शोकेसमध्ये ठेवलं पाहिजे."

म्हणजे वस्तू परदेशी हवी, हाताने केलेली, हलकी, न फुटणारी आणि नग एक्केचाळीस. शिवाय स्वस्त. ही शेवटची अट माझी, कारण भाव करणं हे आमच्या घरात माझं खातं. मी लांबून येताना दिसलो की तुळशीबागेतले दुकानदार जेवायला जातात. (हे कौतुक आहे, असं मी आजवर समजत आलो.)

केदार ऑफिसला गेला की आम्ही बाजार पालथे घालायचो. मॉलमध्ये किमती छापलेल्या. तिथे माझ्यासारख्या माणसाने करायचं काय? तिसऱ्या दिवशी चिनी वस्तीतल्या एका जुन्या गल्लीत ते दुकान सापडलं. उदबत्तीचा वास येत होता, त्यामुळे सुनंदाला लगेच घरच्यासारखं वाटलं. आत सगळा माल कागदाचा. कागदी शर्ट, कागदी बूट, कागदी मोबाइल, कागदी बंगला आणि बंगल्यापुढे कागदी ड्रायव्हरसकट कागदी मोटार! लहान मुलांचं दुकान असणार, असा निष्कर्ष मी काढला. मग फळीवरची कमळं दिसली. सोनेरी वर्ख लावलेला कागद, एकेक पाकळी हाताने दुमडलेली, तळहातावर मावतील एवढी.

"अहो, लक्ष्मीचं कमळ," सुनंदा कुजबुजली. "मिळालं वाण."

मी तिला डोळ्यांनी दटावलं. वस्तू आवडली तरी चेहरा पाडायचा, हा माझा पहिला नियम. आम्ही दोघांनीही चेहरे पाडले. या पाडलेल्या चेहऱ्यांनी पुढे फार मोठं काम केलं.

दुकानदार सत्तरीचे आजोबा होते. त्यांनी हळू आवाजात एका कमळाचे चार डॉलर सांगितले. मी दीड म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, कोणासाठी? मोठ्या गिऱ्हाइकाचा अंदाज घेतायत, हे मी ओळखलं. चेहरा तसाच ठेवून मी आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांसाठी एक्केचाळीस हवीत असं सांगितलं.

आजोबांनी चष्मा काढला. "सगळ्या एकाच बिल्डिंगमधल्या?"

"एकाच," मी म्हणालो. "आणि एकाच संध्याकाळी."

आजोबांनी स्टूल ओढलं आणि खाली बसले. सुनंदा मला ढोसायला लागली. सगळ्या सवाष्णी आहेत हे सांगा, म्हणजे धार्मिक कार्य आहे हे त्यांना कळेल! सवाष्णीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना, म्हणून मी सांगितलं की सगळ्यांचे नवरे ठणठणीत आहेत, नवऱ्यांना त्या वेळी बाहेरच ठेवतात. सुनंदाने बोटं दाखवून पुस्ती जोडली की त्यांतल्या तिघींचं तर यंदाच लग्न झालंय. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या घासाघिशीने दुकानदार रडकुंडीला येतात हे मला माहीत होतं, पण इतक्या लवकर कोणी आला नव्हता.

ते आपण होऊन दीडवर आले. आता शहाण्या माणसाने पैसे दिले असते. पण हात शिवशिवत असताना गप्प कसं बसवणार? मी सुनंदाचा दंड धरला आणि "चला" म्हणून पायऱ्या उतरलो. आजोबा धावत आले, त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, एक डॉलर. वर ती ड्रायव्हरवाली मोटार त्यांनी दोन्ही हातांनी मला फुकट दिली आणि गल्लीच्या टोकापर्यंत मान खाली घालून सोडायला आले. असा मान मला तुळशीबागेत कधी मिळाला नाही, हे मी रस्ताभर सुनंदाला ऐकवत होतो. संध्याकाळी केदारलाही सांगायला गेलो. तो ऑफिसच्या फोनवर होता. त्याने "कमळं? छान" एवढंच म्हटलं, आणि पाकळ्या मोडतील म्हणून सुनंदाने खोका उघडू दिला नाही.

पुण्यात रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी हळदीकुंकू झालं. नवऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे मी बेडरूममध्ये होतो, पण आवाजावरून बाजी मारल्याचं कळत होतं. देशपांडेवहिनींनी तर दोनदा विचारलं की हे कुठून आणलंत. तेवढ्यात केदारचा फोन आला. मी त्याला कमळांचं यश सांगितलं, आपला भाव सांगितला, आणि वर मिळालेली मोटारही सांगितली.

मग त्याने विचारलं, "बाबा, मोटारीत ड्रायव्हर आहे?"

"आहे ना. टोपीसकट."

"बाबा, ते सामान मेलेल्या माणसांसाठी जाळतात. म्हणजे त्यांना ते वर मिळतं. शर्ट, मोबाइल, गाडी. कमळंसुद्धा."

बाहेर सोसायटीतल्या सवाष्णी हळदीकुंकू लावून घेत होत्या आणि त्यांतल्या निम्म्यांच्या हातात त्यांच्या स्वतःच्या अंत्यविधीचं सामान होतं! हे उद्या कळलं तर सुनंदाला सोसायटीत तोंड दाखवायला जागा नव्हती. गाळणी परवडली असती. मी एक पिशवी घेतली, मागच्या दाराने निघालो आणि लिफ्टपाशी उभा राहिलो. बाहेर पडणाऱ्या पहिल्याच बाईला सांगितलं की मालात दोष निघालाय, कमळ परत द्या, दुसरं काहीतरी देतो. त्या होत्या देशपांडेवहिनी.

"वाण परत मागतात का कुठे?" त्या म्हणाल्या, आणि कमळ पर्समध्ये टाकून त्यांनी चेन ओढली.

मागच्या दोघींनी ऐकलं. परत मागतायत म्हणजे वर्ख खऱ्या सोन्याचा असणार, असा त्यांनी हिशोब केला. कमळं पदराखाली गेली. एकीने आत जाऊन ही बातमी सांगितली आणि मग आत जी झुंबड उडाली तशी मी स्वारगेटला दिवाळीतसुद्धा पाहिलेली नाही. दहा मिनिटांत खोका रिकामा! पलीकडच्या सोसायटीतल्या, बोलावणं नसलेल्या दोघीही कमळं घेऊन गेल्या. मी पिशवीत फक्त तीळगूळ घेऊन परत आलो.

सगळ्या गेल्यावर मी सुनंदाला खरं सांगितलं. ती हातात कुंकवाचा करंडा घेऊन मटकन खाली बसली. कोणाला कळलंय का, हे तिने आधी विचारलं. नाही म्हटल्यावर तिने करंडा खाली ठेवला. मग म्हणाली, "अहो, त्या आजोबांना काय वाटलं असेल? मी तर यंदाच लग्न झालेल्या तिघीपण सांगितल्या." तिचे डोळे भरून आले. मलाही मनापासून वाईट वाटलं. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि पोट दुखेपर्यंत हसलो. त्या मोटारीचं काय करायचं, असं मी विचारलं.

"असू दे," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमची सोय झाली."

केदारला तिने सक्त ताकीद दिली. रविवारी आधी त्या आजोबांकडे जायचं आणि सगळ्या बायका सुखरूप आहेत असं सांगून यायचं. तो गेला. आजोबांना इतका आनंद झाला, की त्यांनी उदबत्ती लावली, केदारला चहा पाजला, त्याचे हात हातात घेतले. आणि मग कॅल्क्युलेटर काढला. एक्केचाळीस कमळं, मूळ भावाने, मोटार वेगळी. केदारने सगळे पैसे मोजून दिले.

हे ऐकून मी फोनवर ओरडलोच. "अरे, थोडी तरी घासाघीस करायचीस!"

"कशाच्या जोरावर, बाबा?" तो म्हणाला. "सगळ्या जिवंत आहेत."

तेव्हापासून तुळशीबागेत भाव सुनंदा करते. मी पिशवी धरतो, आणि चेहरा पाडायची मला सक्त मनाई आहे.