उजव्या हाताचा चुडा

आठवड्यातून तीन दिवस मी महाडला रक्त धुवायला जाते. असं सांगितलं की लोक दचकतात, म्हणून मला ते असंच सांगायला आवडतं. ‘डायलिसिस’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि मग मलाच त्याची समजूत काढावी लागते.

सकाळी आमच्या नाते गावाहून निघायचं, मशीनला जोडून घ्यायचं, शेजारच्या खाटेवरच्या दासगावच्या चाचींशी गप्पा मारायच्या आणि दुपारी उसाच्या चिपाडासारखं होऊन घरी यायचं. चाची स्वतः पथ्यावर, पण बिर्याणीचं वर्णन असं करतात की सिस्टर येऊन आम्हा दोघींना गप्प करते. उरलेले दिवस माझे. त्यात मी टीव्ही बघते, बटाट्यातले क्षार जावेत म्हणून ते दोनदा पाणी बदलून उकडते आणि त्या बेचव भाजीला नावं ठेवत ती खाते. पूर्वी राग आला की घटाघटा पाणी प्यायचे. आता पाणी मोजून मिळतं, तेव्हा राग तोंडानंच काढावा लागतो. घरच्यांना त्याचा त्रास आहे, मला नाही.

गेल्या वर्षी लेकीचं लग्न ठरलं. मुलगा पोलादपूरचा. तारीख काढताना गुरुजी पंचांग बघत होते आणि मी मशीनचे वार. मुहूर्त गुरुवारचा निघाला, म्हणजे मशीनचा दिवस नाही. मी खूश होऊन गुरुजींना आणखी एक कप चहा दिला.

मला एकच गोष्ट हवी होती. कन्यादानाला मी बसणार, लेकीच्या ओंजळीवर पाण्याची धार मी धरणार. बाकी मांडव, जेवण, मानपान, कोण रुसलं नि कोण फुगलं, सगळं धाकट्या जावेवर सोडलं होतं. तिनंही ते हौसेनं अंगावर घेतलं होतं.

चुडा भरायच्या दिवशी माझी मोठी नणंद डोंगरावरच्या कुडपण गावाहून खाली उतरली. मी या घरात आल्यापासून इथलं एकही शुभकार्य तिच्याशिवाय हललेलं नाही. कासारीण पडवीत बांगड्यांची टोपली मांडून बसली होती. माझी पाळी आली तेव्हा मी उजवा हात पुढे केला आणि डावा पदराखाली ठेवला.

डाव्या मनगटाशी डॉक्टरांनी ऑपरेशन करून दोन शिरा जोडल्या आहेत. मशीनच्या सुया त्याच हाताला टोचतात. त्या हातात घट्ट काही घालायचं नाही, त्यानं ओझं उचलायचं नाही, त्याच्यावर झोपायचं नाही. इतके लाड माझ्या आईनंही माझे केले नव्हते.

“दुसरा हात?” नणंदेनं विचारलं.

“दुसऱ्यात नाय भरायच्या, वन्सं.”

“नाय म्हंजे? सवाष्ण हायस ना?”

“ते तुमच्या भावाला विचारा. सकाळपासून लाडवांच्या डब्यापाशी बसलेत.”

बायका हसल्या. नवराही हसला, तोंडात लाडू होता तरी. नणंद मात्र हसली नाही.

“चेष्टा पुरं. एक हात रिकामा ठेवून आई कन्यादानाला बसत नाय. तुला जमत नसंल तर धाकटी बसंल. तिचे दोन्ही हात भरलेले हायत.”

जाऊ बिचारी आपल्या बांगड्यांकडे बघत राहिली. मला रडू यायला लागलं की मी आधी भांडते.

“पोर माझी हाय,” मी म्हटलं. “धाकटी बसली तर मी मांडवात पाय ठेवणार नाय.”

नणंदेनं पदराखालून माझा डावा हात ओढला, एक बांगडी उचलली आणि स्वतःच चढवायला घेतली. तेवढ्यात तिची बोटं त्या शिरेवर पडली आणि थांबली.

“गो, ह्ये काय थरथरतंय आत?”

त्या शिरेतून रक्त जोरात वाहतं. फिरत्या जात्यावर हात ठेवावा तशी घरघर बाहेरून हाताला लागते.

“ते चालू हाय तवर मी हाय,” मी म्हटलं. “दाबून ते बंद पडलं, तर मशीनला रक्त घ्यायला वाट नाय. मग मीबी नाय.”

हे मी आधी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. भांडणाच्या भरात तोंडातून गेलं, आणि ऐकून माझी मलाच भीती वाटली.

नणंदेनं बांगडी टोपलीत ठेवली. माझा हात मात्र सोडला नाही.

“मला कुणी सांगितलंच नाय,” ती म्हणाली. “मला वाटलं, दुखतंय म्हणून घालत नायस.” मग कासारणीकडे वळून, “दोन्ही हातांच्या उजव्यातच भर.”

“कोपरापर्यंत येतील, मावशी.”

“येऊंदेत.”

कन्यादानाला कोण बसणार, ते मात्र ती बोलली नाही. मलाही विचारायचा धीर झाला नाही.

बुधवारी मशीन झालं, गुरुवारी लग्न. मांडवात मी हळदीच्या नवरीपेक्षा पिवळी दिसत होते आणि खांबाला धरून पाटावर बसले. नणंद मला खेटून बसली होती, ठसठशीत नथ, दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले. आमचे गुरुजी ऐन वेळी आजारी पडले होते, आलेले गुरुजी पोलादपूरचे. ते आम्हाला ओळखत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नणंदेकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे केला.

“आई, धार धरा.”

तिनं तांब्या घेतला. मनात आलं, हिनं शेवटी आपलंच खरं केलं.

“आई ही हाय,” ती म्हणाली, वराकडच्या मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू जाईल अशी. “मी नुसती हिला धराया बसलेय.” तांब्या तिनं माझ्या उजव्या हातात दिला आणि माझ्या कोपराखाली आपला हात लावला.

मी धार धरली. समोर तिच्या बापाच्या ओंजळीखाली लेकीची ओंजळ होती. तिनं मान वर केली नाही. धार मी शेवटपर्यंत तुटू दिली नाही.