न लिहिता येणाऱ्या सीडीवरचा लाल ढग

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. नाशिकला आमच्या घरी कुणी दृष्ट काढायला बसलं की मी उठून बाहेर जायचो. त्यातून माझं काम कॉम्प्युटरचं... तिथे काहीही बिघडलं तरी त्याला कारण असतंच, सापडायला वेळ लागतो एवढंच. त्यामुळे पुढचं लिहिताना थोडी लाज वाटते आहे, पण जे झालं ते झालं.

नव्वदच्या दशकाचा मध्य. सिल्वासाजवळ सायलीला सूत रंगवण्याचा एक कारखाना होता, तिथली कॉम्प्युटरची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. ड्रॉइंग ऑफिस भामरे साहेबांकडे. मूळचे धुळ्याकडचे, पन्नाशीला टेकलेले, शांत माणूस. कारखान्यातल्या जवळजवळ प्रत्येक मशीनचं ड्रॉइंग त्यांनी स्वतः कॉम्प्युटरवर काढलेलं. ड्रॉइंगमध्ये काही बदल केला की त्या भागाभोवती लाल रेषेने ढगासारखा वेढा काढतात, म्हणजे बघणाऱ्याचं लक्ष आधी तिथे जातं. सगळीकडची पद्धत आहे ती.

ही ड्रॉइंग्ज आधी सर्वांच्या वापरातल्या एका हार्ड डिस्कवर होती. कुणीतरी त्यातलं एक माप बदलून सेव्ह केलं, गॅस्केट चुकीचं कापलं गेलं आणि बोलणी भामरे साहेबांना खावी लागली. तेव्हा ठरलं की सगळं सीडीवर घालायचं. सीडी सर्व्हरमध्ये राहील, सगळे नेटवर्कवरून उघडतील. वाचता येईल, लिहिता येणार नाही. प्रश्न उरला फाइल सिस्टिमचा, म्हणजे सीडीवर फाइली कुठल्या पद्धतीने मांडायच्या. माझ्याकडे विंडोज, भामरे साहेबांकडे युनिक्स, आणि खाली डाय हाऊसच्या, म्हणजे सूत रंगवायच्या खात्याच्या, काचेच्या केबिनमध्ये डॉसचं जुनं मशीन. मला लांब नावं चालणारी नवी पद्धत हवी होती. भामरे साहेब जुन्या, साध्या पद्धतीवर अडून बसले. तिच्यात फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागायचं, पण ती तिन्हीकडे उघडायची. खालचा फिटर बघणार डॉसवर, त्यालाच दिसलं नाही तर काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. नावं आखूड केली आणि मुंबईहून सीडी लिहून आणली.

एवढं सविस्तर सांगतोय कारण त्या सीडीत नंतर काही घालायची सोय नव्हती. कुणालाच.

एका दुपारी किशोर पाडवी वर आला. नंदुरबारकडचा फिटर, बोलायला कमी. रंगाच्या एका प्रेशर व्हेसलचं, म्हणजे वाफेच्या दाबावर चालणाऱ्या बंद टाकीचं, गॅस्केट बघायला त्याने ड्रॉइंग उघडलं होतं. झाकण धरून ठेवणाऱ्या लॉकिंग रिंगमध्ये काय बदल केलाय, तेवढं सांगा म्हणजे व्हेसल चालू करतो, असं तो म्हणाला. बदल कुणीच केला नव्हता. मी माझ्या मशीनवर बघितलं, काही नाही. भामरे साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, काही नाही. मग तिघं खाली गेलो.

केबिनमधल्या स्क्रीनवर रिंगच्या एका दाताभोवती लाल ढग होता.

भामरे साहेब वाकून बघत राहिले. एरवी ऑफिसात शुद्ध मराठी बोलणारा माणूस, पण तोंडातून एकदम अहिराणी आली. "हाई मी काढेल नही." हे मी काढलेलं नाही, असं.

मला वाटलं, जुनी कॉपी कुठेतरी पडून असेल. त्या मशीनवर कॉपी नव्हती. तिथूनच फाइल फ्लॉपीवर घेऊन वर उघडली, तर ढग नाही. मूळ फाइलशी ताडून बघितली; एका अक्षराचा फरक नाही. मशीन बंद करून परत चालू केलं... ढग होता तिथेच.

तोवर प्रॉडक्शन मॅनेजर खाली आला होता. बॅच खोळंबली होती, आणि ड्रॉइंगमध्येच नाही त्या गोष्टीसाठी व्हेसल खोलायचं हे त्याला मान्य नव्हतं. भामरे साहेबांनी आवाज चढवला नाही. "ड्रॉइंग माझं आहे. रिंग उतरवा."

रिंग उतरवली, तडा शोधायचं औषध लावलं. त्याच दाताच्या मुळाशी केसासारखी चीर निघाली, चांगली खोलवर गेलेली. वाफेच्या दाबाखाली झाकण सुटलं असतं तर किशोरची उभं राहायची जागा बरोबर त्याच्यासमोर. किशोर तिथेच फरशीवर बसला. नवी रिंग बसल्यावर आम्ही ते ड्रॉइंग परत उघडलं, तर ढग नव्हता.

इतकंच झालं असतं तर मी हे लिहिलंच नसतं — देवाची कृपा म्हणून सोडून दिलं असतं.

दिवाळीच्या सुमारास किशोरने मला एकट्यालाच खाली बोलावलं. पाइपलाइनसाठी त्याने पूर्ण कारखान्याचा नकाशा उघडला होता. ढग ड्रॉइंग ऑफिसच्या एका कोपऱ्याभोवती होता. त्या कोपऱ्यात भामरे साहेबांचं टेबल.

त्यांना सांगू नये असं मला वाटत होतं. किशोर खाली बघत म्हणाला, "साहेब, माझ्या वेळी कोणी बोललंच नसतं, तर?"

सांगितलं. भामरे साहेबांनी शांतपणे बघितलं आणि कामाला लागले. वायरिंग तपासलं, भिंत ठोकून बघितली, स्लॅब बघितला. टेबल हलवलं. वापीला जाऊन स्वतःची तपासणी करून घेतली, सगळं ठीक. मी स्क्रीन बदलला, दुसरी सीडी लिहून आणली. ढग जाईना.

त्यानंतर त्यांचं कामात लक्ष लागेना. त्या कोपऱ्यात कुणी नुसतं उभं राहिलं तरी त्याला बाजूला व्हायला सांगायचे. भामरे वहिनींनी मला घरी बोलावलं. म्हणाल्या, हे झोपेतून उठतात आणि अजून काय तपासायचं राहिलं, ते मला विचारतात. "भाऊजी, ते मशीनच काढून टाका ना तिथून."

मी काढून टाकलं. इतर कुठल्याच स्क्रीनवर ढग दिसत नव्हता, तेव्हा विषय संपेल असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी भामरे साहेब रिकाम्या केबिनसमोर उभे होते. "आता तो ढग गेला की अजून आहे, हे कळणार कसं?" त्यांनी मला विचारलं. पुढे नोकरीची बरीच वर्षं शिल्लक असताना राजीनामा देऊन ते धुळ्याला गेले.

कारखाना बंद होईपर्यंत मी त्याच इमारतीत होतो. त्या कोपऱ्यात काहीही झालं नाही. आता तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम आहे. सीडी, केबल, मेमरी, जे जे सुचलं ते सगळं तपासलं, जाणकारांना विचारलं. रिंगच्या वेळी काय झालं ते मला सांगता येत नाही आणि नंतरचं तर त्याहून नाही.

भामरे साहेबांचा अजूनही मधूनमधून फोन येतो. प्रकृती चांगली आहे. इकडचं तिकडचं बोलून झालं की त्या कोपऱ्याची चौकशी करतात. मागच्या वेळी मी जरा वैतागून म्हणालो, एवढी वर्षं झाली, तिथे काही झालेलं नाही, आता सोडून द्या.

ते म्हणाले, "उतरवून बघेपर्यंत त्या रिंगलाही काही झालं नव्हतं."

मी वहिनी कशा आहेत, ते विचारलं.