गुप्तरोगाच्या खोलीतल्या मॅडम

"बिनधास्त बोला. मी तुमच्या कोणाच्या नात्यातली नाही," असं म्हणत मॅडम स्वतःची खुर्ची टेबलामागून ओढायच्या आणि पेशंटच्या शेजारी आणून ठेवायच्या.

उल्हासनगरच्या एका सरकारी दवाखान्यात त्या गुप्तरोगाच्या समुपदेशक होत्या. मी शेजारच्या लॅबमध्ये रक्त काढायचो. तुम्हीही पाहिलं असेल, अशा खोलीकडे आलेला माणूस आधी तिच्यावरून पुढे निघून जातो. मॅडम दारातूनच हाक मारायच्या, "या, प्यायचं पाणी इथे आहे!" तहानेचं निमित्त मिळालं की माणूस आत.

एकदा अंबरनाथची एक गरोदर मुलगी आली. तपासणीत सिफिलिस निघाला. घाबरून तिने घरी सांगितलं. पुढच्या खेपेला सासू बरोबर आली, मागे एमआयडीसीत कामाला असलेला नवरा. सासू व्हरांड्यातच सुरू झाली, "आमच्या घरात असली घाण कधी नव्हती. हिचं ताट वेगळं केलंय मी!"

"आजी, ताटा-पेल्यातून हा रोग पसरत नाही. शरीरसंबंधातून पसरतो, आणि आईकडून पोटातल्या बाळाला जातो," मॅडम म्हणाल्या. "इंजेक्शनने बरा होतो. पण नवऱ्यालाही तपासायला हवं."

"माझा पोरगा ठणठणीत आहे!"

मॅडमनी वाद घातला नाही. नवऱ्याला एकट्याला आत घेतलं. प्लायवूडच्या भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. "आधी एक जखम होते. बहुतेकदा दुखत नाही. आपोआप भरते. माणसाला वाटतं, सुटलो. रोग मात्र आतच राहतो."

मग तो रडायला लागला. "लग्नाच्या आधी झाली होती, मॅडम. आता आईला काय सांगू?"

"सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी कोणाला सांगणार नाही. पण तुझी बायको बाहेर एकटी उभी आहे, बाळा."

तो बाहेर आला आणि भरल्या व्हरांड्यात म्हणाला, "आई, हिला माझ्याकडून झालंय. ताट वेगळं करायचं तर माझं कर."

सासू बाकावर मटकन बसली. जरा वेळाने तिने सुनेला हात धरून शेजारी बसवलं. जराही आवाज न चढवता मॅडमनी हे कसं घडवलं, मला आजही उमगलेलं नाही.

दोघांनी उपचार घेतले. मुलगी झाली, धडधाकट.

मॅडम गेल्या वर्षी वारल्या. बदलापूरला त्यांच्या दारापुढे माणसं मावेनात. रिक्षावाले, कामगार, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. मुलीला कडेवर घेतलेलं ते जोडपंही. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

"काका, ही सगळी कोण?" मॅडमच्या मुलाने मला विचारलं.

त्यातल्या कित्येकांचं रक्त मी स्वतः काढलं होतं.

"आईच्या ओळखीची असतील," मी म्हणालो.