गोणपाटातला सायलेन्सर

जागीरदाराच्या त्या लांब नाकाच्या गाडीत इंजिनाला जोडलेला एक पंखा होता. तो हवा दाबून इंजिनात भरायचा. त्याचं नाव सुपरचार्जर, पण माझे मामा त्याला भाता म्हणत. लोहाराच्या भात्यानं विस्तव फुलतो तशी ह्यानं गाडी फुलते, एवढंच त्यांचं सांगणं. धाराशिवात आमचा मोटारदुरुस्तीचा कारखाना होता. युद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा मामांनी बसगाड्यांना कोळशाच्या गॅसच्या टाक्या बसवून दिल्या होत्या, म्हणून लांबलांबची माणसं त्यांच्याकडे येत. मी त्यांचा भाचा, विशीतला. हातात पाना आणि सदऱ्याच्या आत निजामाविरुद्धची पत्रकं.

निजामी राज्याचं ते शेवटचं वर्ष होतं, पण हे तेव्हा आम्हाला कुठं माहीत? जागीरदाराचा नायब लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीच्या नावाखाली हत्यारबंद शिपाई घेऊन गावं फिरायचा. धान्य उचलायचा, धान्य सापडलं नाही तर माणूस उचलायचा. त्यासाठी त्यानं ही वीस वर्षांची जुनी गाडी बाहेर काढली होती. चालवायला जागीरदाराचे म्हातारे ड्रायव्हर होते, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. मी चार वर्षांचा असताना ह्याच चाचांनी मला मांडीवर घेऊन हॉर्नचा रबरी फुगा दाबू दिला होता.

"मिस्त्री, येरमाळ्याच्या घाटात बैलगाडी पुढं जाती अन् आमी मागं," नायब म्हणाला. "जोर पायजे."

"पेट्रोलात घासलेट कालवताय न्हवं साहेब? मग ती खोकणारच की."

चाचा तोंड फिरवून हसले.

मामांनी चार दिवस काम केलं. घासलेट मिसळलेल्या पेट्रोलवर भात्याचं इंजिन आतून ठोके देतं. ते थांबवायला ठिणगी जराशी उशिरा पाडावी लागते. ठिणगीची चकती बरोबर बसली तिथं मामांनी छिन्नीनं बारीक खूण केली. सायलेन्सरचे दोन डबे काढून सरळ नळी घालायचं मी सुचवलं. धूर मोकळा होतो, इंजिनाला दम येतो. हे खरंच होतं. ती नळी माळावर दोन कोस ऐकू जाईल, हेही खरं होतं.

"हे गाडीसाठी सांगतोस का कुणासाठी?" मामांनी विचारलं.

"दोन्हीसाठी."

"आवाजाचं तुझं तू बघ. पर गाडीत खोट ठेवायची न्हाय. मालक कसा का असंना."

पत्रा भट्टीत वळवून, रिव्हेट मारून मी नळी केली. आणि मामा जेवायला गेले तेव्हा चकती खुणेच्या आणखी मागं सरकवली. खोट ठेवली. त्यानं जोर घटतो, इंजिन तापतं, दर सात-आठ मैलांना पाणी मागतं. नायबाला काहीच कळलं नाही. आवाज वाढला की माणसाला वेग वाढल्यासारखा वाटतो. फेरी मारून आला तो मिशीला पीळ देतच.

"वाघ केलास की रे गाडीचा!"

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. सीमेपलीकडून, बार्शीहून ते छापून आलं. त्यात म्हटलं होतं: ह्या गाडीचा आवाज येताच गाव सोडा. विहिरीवरचा दोर सोबत न्या, गाडीला पाणी मिळू देऊ नका. काहीही ऐकू आलं तरी मागं वळू नका.

वाशीपासून येरमाळ्यापर्यंत पत्रक पोचलं. नायब रिकाम्या हातानं परत येऊ लागला. एकदा तर शिपाई गाडी ढकलत आले, बॉनेटमधून वाफ निघत होती. मी कारखान्याच्या दारात उभा राहून ती वाफ पाहिली. तेवढा आनंद मला पुन्हा कशात झालेला नाही.

चैत्रात एका दुपारी बैलजोडीनं ओढत गाडी आणली. सुकाणूवर चाचा एकटे होते. मागच्या सीटवर नुसती गोधडी होती.

त्यांची मुलगी वाशीला सासरी होती. दोन दिवस अडली होती. चाचांनी नायबाला न विचारता गाडी काढली आणि तिला धाराशिवच्या दवाखान्याकडे घेऊन निघाले. वाटेत एका गावाजवळ पाणी संपलं. पोरगी आणि पोटातलं लेकरू, दोघंही तिथंच गेली.

"गावात गेलो," चाचा सांगत होते. कुणी विचारलं नव्हतं. "चुली पेटलेल्या, भाकर तव्यावर. माणूस एक न्हाय. हिरीवर दोर न्हाय. डोक्याचा साफा सोडून हिरीत सोडला, पुरला न्हाय. मग हॉर्न वाजवला बेटा. कुणी बाईमाणूस तरी येईल म्हून. लई वाजवला. जेवढा वाजवला तेवढं गाव लांब गेलं."

मामांनी बॉनेट उघडलं. ते वाकले आणि तसेच राहिले. चकती आणि खूण यांच्यामध्ये बोटभर अंतर होतं. त्यांनी चकती खुणेवर आणली, स्क्रू आवळला, हात पुसले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मिस्त्री, हिचा आवाज पैल्यासारखा करा," चाचा म्हणाले. "ह्या आवाजात मला गाडी हाकवत न्हाय."

"जुने डबे कुठंयत रे?" मामांनी मला विचारलं.

ते मागच्या पडवीत होते, गोणपाटात बांधलेले. मी गावांचा विचार केला. गाडी गप्प झाली तर नायब कुणाला कळायच्या आत वेशीत शिरेल.

"मोडीत गेले," मी म्हणालो.

"नसीब," चाचा म्हणाले. त्यानंतर पाच महिने ते त्या आवाजात बसून गाडी चालवत राहिले.

नवी पत्रकं घेऊन मी त्या गावात गेलो. तिथल्या सुईण म्हातारीला विचारलं, तुम्हाला काही ऐकू आलं होतं का.

"ऐकलं की. आमी वढ्यात बसलो व्हतो. अडलेल्या बाईचं वरडणं मला कळत न्हाय व्हय? उठले मी. पोरांनी हात धरला, म्हनली, आजे, कागदात लिवलंय, मागं वळायचं न्हाय." तिनं माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "कोन लिवतं रं हे?"

"माहीत न्हाय," मी म्हणालो.

भादव्यात राज्य गेलं. नायब पळाला. नंतरच्या दिवसांत मुसलमानांवर सूड उगवला जाऊ लागला आणि घरं सोडून लपायची पाळी चाचांच्या गल्लीवर आली. तेव्हा मी एकही पत्रक लिहिलं नाही. गाडी आमच्या अंगणात येऊन पडली. तिची चाकं आणि भाता कुणीतरी काढून नेला होता.

थंडीत चाचा आले, गाडीतली गोधडी न्यायला. मामांनी ती धुऊन मागच्या पडवीत ठेवली होती. मी आत जाईपर्यंत चाचा पडवीतून बाहेर आले होते. एका हातात गोधडी, दुसऱ्या हातात गोणपाट.

"हेच ना?"

मग मी सगळं सांगितलं. डबे, चकती, दोर, पत्रक. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी गोणपाट माझ्या पायाशी ठेवलं.

"बसव."

"चाचा, इंजिनात आता काय उरलं न्हाय. ती चालायची न्हाय."

"बसव म्हनलं."

रिव्हेट गंजले होते. ते तोडून नळी काढायलाच दुपार गेली. मामा न बोलावता आले आणि त्यांनी डब्यांचं दुसरं टोक धरलं. काम झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. चाचा सुकाणूमागं जाऊन बसले, गोधडी मांडीवर घेऊन. मी इंजिन फिरवायचं हँडल हातात घेऊन उभा होतो. ते नको म्हणाले.

चाकं नसलेल्या त्या गाडीत ते बसून राहिले, कान देऊन, बराच वेळ.