आठ गावं फिरलेला संच

बिरदेवनं बावीस वर्षं ठिबक आणि फॉगर जोडले, पण त्याची जोडणी गळतेय अशी तक्रार घेऊन विट्याच्या दुकानात कधी कुणी आलं नाही. आटपाडीकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस. बाप पाण्याच्या शोधात मेंढरं घेऊन सहा-सहा महिने मुलूख फिरायचा, हा लोकांच्या रानात पाणी पोचवत फिरू लागला. जोडणी झाली की ओळीच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसायचा. तिथंही पहिल्या तोटीइतकंच पाणी येतंय हे बघितल्याशिवाय फडक्यातली भाकरी सोडायचा नाही. दुकानातले लोक चेष्टा करायचे, हा मुलगी बघायला गेला तेव्हाही आधी सासऱ्याची टाकी बघून आला असणार.

असल्या माणसाच्या हातून गेली दोन वर्षं जे चाललं होतं, ते सांगतानाही शिसारी येते.

दुकानाचा मालक रविराज. रोपवाटिकेला सिंचनाचं साहित्य घ्यायला बँक कर्ज देते आणि पैसे थेट दुकानदाराच्या खात्यावर टाकते. त्याआधी बँकेचे साहेब येतात, बसवलेला संच बघतात, फोटो काढतात. यातून रविराजनं वाट काढली. त्याच्याकडे फॉगरचा एकच संच होता: धुक्यासारखं पाणी उडवणाऱ्या तोट्या, त्यांच्या काळ्या नळ्या आणि एक निळा फिल्टर. तो शेडनेटखाली टांगायचा, फोटो झाला की दुसऱ्या दिवशी उतरवून टेम्पोत घालायचा. कर्ज काढणाऱ्याला दुसऱ्या कामासाठी बरीचशी रोकड द्यायची, उरलेलं आपल्या खिशात. एकदा सांगली जिल्ह्यात टांगला की पुढच्या वेळी सातारा. इकडच्या शाखेला तिकडचा फोटो बघायचं कारणच नव्हतं. तासगाव झालं, कराडची बाजू झाली, सात गावं झाली. नळ्यांच्या आत सात विहिरींचं शेवाळ साठलं होतं आणि फोटोत संच नवाकोरा दिसत होता.

पहिल्या दोन गावांत बिरदेवला वाटलं, नवा माल यायचाय म्हणून जुना टांगलाय. तिसऱ्या गावात कर्जदारच चहाचा कप हातात देत डोळा मारून हसला, तेव्हा त्याला सगळं कळलं. चहा कडू लागला, तरी तो प्याला आणि पगारही घेत राहिला. पन्नाशीत कोण दुसरं काम देतंय, असं तो स्वतःला सांगायचा आणि ते सांगताना स्वतःचीच किळस यायची.

आठवं गाव उंब्रजजवळचं. रोपवाटिका दीपमालाची, नवरा मिल्ट्रीत. उसाची, मिरचीची, झेंडूची रोपं ट्रेमध्ये दाटीनं उभी होती आणि पाणी मात्र झारीनं. हौदावर झारी भरायची, वाकून ओळीभर शिंपायची, पुन्हा हौद. हे काम करणारी अंबूबाई साठीच्या पुढची होती. तिला आता सरळ उभंही राहता येत नव्हतं.

संच टांगताना दीपमाला शिडीपाशीच उभी. मागच्या कर्जदारांसारखी ती हसली नाही, डोळे मिचकावले नाहीत. साहेब फोटो काढत होते तेव्हा ती विचारत होती, "बिरुदादा, फिल्टर कवा धुवायचा? उन्हाळ्यात किती येळ सोडायचं? तोटी तुंबली तर कसं कळायचं?"

कुणी कामाचं विचारलं की बिरदेव खुलायचा. त्यानं फिल्टर उघडून जाळी धुऊन दाखवली. बियाण्याच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर सकाळ-दुपार-संध्याकाळच्या वेळा लिहून दिल्या. मग व्हॉल्व्ह फिरवला. शेडनेटभर बारीक धुकं उतरलं. अंबूबाईनं झारी खाली ठेवली आणि तोंड वर केलं.

"लय बरं झालं रं बाबा," ती म्हणाली. "आता माजी कंबर सुटली."

परतीच्या वाटेवर बिरदेवच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. दीपमालाला काही ठाऊक नाही. रविराजनं हिला सरळ फसवलंय. कर्ज ही फेडणार आणि संच जाणार पुढच्या फोटोसाठी पलूसला. तो त्या रात्री नीट जेवला नाही.

सकाळी टेम्पो घेऊन निघताना त्यानं रविराजला तोंडावर सांगितलं, "उंब्रजचा संच मी काढणार न्हाई. बाई गरजू हाय. नोकरीवरनं काढायचं तर काढा."

रविराज मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "बरं, नगं काढू. पण जाऊन तिला इचारून तर ये."

बिरदेव सगळ्या वाटेनं काय बोलायचं ते जुळवत गेला. शेडनेटपाशी पोचल्यावर त्यानं दीपमालाला बाजूला घेतलं.

"ताई, कर्ज तुमच्या नावावर हाय, संच तुमचा हाय. कुणीबी न्ह्यायला आलं तरी देऊ नका. मी साक्ष देतो बँकेत."

दीपमालानं आधी मागं वळून अंबूबाईकडे बघितलं. मग आवाज खाली आणला.

"आवं दादा, हळू बोला. टेम्पो आणलाय न्हवं?"

"आणलाय, पण..."

"मग उतरवा की. रोकड काल सांच्यालाच पोचली. गाडीचं बुकिंग केलंय आमी. हे सुट्टीवर यायच्या आत दारात पायजे."

बिरदेवनं वर टांगलेल्या तोट्यांकडे बघितलं.

"मग काल एवढं इचारत का हुता?"

"सायब उभं हुतं न्हवं समोर," दीपमाला म्हणाली. "काय तरी इचारल्यालं बरं दिसतंय."

"आन् पाणी?"

"झारीनं हुतंयच की. अंबूबाईला रोजगार मिळतोय."

रविराजचा राग आला होता तेव्हा अंगात बळ तरी होतं. आता नुसती घाण वाटत होती. पुठ्ठ्यावर पाण्याच्या वेळा आपण किती मन लावून लिहिल्या, ते आठवून त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"तुमीच काढा मग," तो म्हणाला आणि टेम्पोकडे चालू लागला.

दीपमालानं खरंच अंबूबाईला हाक मारली, फिल्टर बदलायला संच जायचाय म्हणून सांगितलं. म्हातारी दोन्ही हातांनी नळी खाली ओढू लागली. हुक ताणले, नळी मुडपली, एक तोटी तुटून ट्रेमध्ये पडली. बिरदेवनं हे लांबून बघितलं आणि त्याला राहवेना. तो शिव्या देत माघारी आला.

"सोड मावशे, अशी वढू नगं. मुडपली की पाणी जात न्हाई तिच्यातनं."

त्यानं तिच्या हातातून नळी घेतली. एकेक हुक सोडवला, एकसारखी वेटोळी घातली, दोरीनं बांधली, तोट्या पिशवीत भरल्या. सगळं टेम्पोत चढेपर्यंत ऊन तापलं आणि उसाची रोपं माना टाकू लागली. अंबूबाई झारी घेऊन टेम्पोच्या मागं आली.

"बदलून कवा आणशील रं?" तिनं विचारलं.

दीपमाला ऐकत उभी होती. बिरदेवनं तिच्याकडे बघितलं नाही.

"आठ दिसांत आणतो," तो म्हणाला आणि टेम्पोत जाऊन बसला.