सोनपेठची सकाळ मी पुसली

ही गोष्ट मी खोटी सांगितली आहे — शंभरदा, हातवारे करून, चहाच्या टपरीवर टाळ्या घेत. खरी अजून कुणालाच नाही.

परभणीत एका संस्थेचे सर्व्हर मी सांभाळतो. जिल्हाभरच्या नेत्रशिबिरांची नोंदणी त्यांवर चालते. डेटाबेस दोन यंत्रांवर. लाडानं नावं ठेवली — पूर्णा आणि बोरी. पूर्णा मुख्य, बोरी तिची नक्कल. पूर्णा कोसळली की बोरीनं आपोआप मुख्य व्हायचं.

सोनपेठला शिबिर होतं, त्या सकाळी पूर्णा कोसळली. बोरीनं कारभार घेतला. झकास! दोन तासांनी पूर्णा उठली — आणि जुन्याच तोऱ्यात! निवृत्त हेडमास्तरनं दुसऱ्या दिवशी येऊन शाळेची घंटा बडवावी, तशी. मीच मुख्य म्हणे! काय वैताग सांगू? अशा वेळी उठलेल्या यंत्रावरचा शिळा डेटा पुसायचा आणि चालू यंत्रावरून ताजा उतरवायचा. बस्स.

पुसायची होती पूर्णा. मी पुसली बोरी.

का? बोटांची सवय — गडबड झाली की नक्कल पुसायची. आणि नक्कल म्हणजे बोरी. आत्ता मुख्य कोण, हे बघायला एक ओळ टाइप करायची होती. एक! नाही केली.

त्या दोन तासांच्या नोंदी फक्त बोरीवर होत्या. सोनपेठच्या शिबिरात पहाटेपासून बसलेल्या म्हाताऱ्यांची नावं, नंबर — सगळं गेलं. नोंदणीवरच्या रंजनाताईंचा फोन आला. मागं आरडाओरडा.

"दादा, एकेक नाव टाकलंय हो मी! आता एक बी दिसंना. लोक अंगावर यायलेत!"

तोवर मला सगळं कळलं होतं. तरी मी काय विचारलं?

"ताई, सेव्ह दाबलं होतं का?"

त्या थांबल्या. "दाबलं की... दाबलंच असंल."

त्या थांबण्यावर मी तगलो. अहवालात लिहिलं — ऑपरेटरची चूक. ताईंना कॉम्प्युटरवरून उठवलं. आणि मी? मी त्याचा किस्सा केला! सेव्ह न दाबणारी बाई — त्यांचा आवाज काढून, त्यांचं ते थांबणंसुद्धा. लय हसतात लोक.

ताई आता शिबिरात म्हाताऱ्यांना हाताला धरून रांगेत बसवतात. परवा भेटल्या. म्हणाल्या, "बरं झालं दादा, ते कॉम्प्युटर आपल्याला जमणारं नव्हतंच."

मी मान डोलावली.