पहिल्या रविवारची भाकर

हे मी कोणालेच सांगितलेलं नाही. बायकोले नाही, पोरीले नाही, चर्चमधल्या कोणाले तर नाहीच नाही. मागच्या रविवारी एक वाक्य तोंडातून निसटलं आणि तेव्हापासून अन्न गोड लागत नाही — म्हणून तुमाले सांगून राहिलो. पण एकदम नाही सांगता येणार. मी मुळात सरळ बोलणारा माणूस नाही, हे तुमाले पुढं कळेलच. जरा फिरून येतो. चालेल ना?

आम्ही ख्रिस्ती. बाबा अमरावतीकडून भिलाईले पोलादाच्या कारखान्यात नोकरीले आले, मागून आई आली, आणि मी टाउनशिपच्या क्वार्टरमध्येच जन्मलो. बाहेर सगळं हिंदी — शाळा, बाजार, ड्युटी. मराठी दोनच जागी, घरी आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये. मोठी उपासना हिंदीत व्हायची, तिच्या आधी आमची, विदर्भातून आलेल्या घरांची. पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे. समोरच्या भिंतीवर लाकडी फळा, त्यावर त्या दिवशीच्या गीतांचे आकडे. लहानपणी मले खात्री होती की देव घरी मराठीच बोलत असेल.

तो देव सुटला कसा? एखादं मोठं कारण सांगाले मले फार आवडलं असतं. त्याच्याशी भांडण झालं असतं, एखादी प्रार्थना फुकट गेली असती, तर सांगताना मान तरी ताठ राहिली असती. तसं काहीच झालं नाही हो. मी रोलिंग मिलमध्ये, शिफ्टची ड्युटी, रविवार मोकळा मिळाला तर मिळाला. रात्रपाळी करून आलो की झोप. मग झोपेची सवय. मग एक दिवस जेवणाआधी डोळे मिटले आणि ध्यानात आलं — मी बोलून राहिलो, पण ऐकणारं कोणी आहे असं मले वाटतच नाही. त्याचं वाईटही वाटलं नाही. वाईट वाटायचं फार उशिरा सुरू झालं.

बाबा गेल्यावर आईले चर्चले नेणं माझ्याकडे आलं. बायको नर्स, तिची सकाळी ड्युटी असायची. आईचे गुडघे गेलेले, ऐकू कमी यायचं, म्हणून ती बायांच्या सगळ्यात पुढच्या बाकावर बसायची. मी तिले स्कूटरवरून दारापाशी सोडायचो आणि म्हणायचो, "गाडी लावून येतो." गाडी लावायचो ती पाण्याच्या टाकीमागच्या टपरीवर! पोहा-जलेबी, चहा, पेपर, पुन्हा चहा. उपासना सुटायच्या आधी बाजूच्या खिडकीतून फळ्यावरचे आकडे पाहून घ्यायचे आणि पायरीवर येऊन उभं राहायचं. पुढं बसलेली म्हातारी मागं वळून पुरुषांकडे पाहत नाही, या एका भरवशावर माझी वर्षांमागून वर्षं निघाली.

आकडे कावून पाहायचे? आमच्या घरची एक रीत होती. रविवारी जेवायच्या आधी कोणीतरी सकाळच्या गीतांपैकी एक निवडायचं, त्याचं एक कडवं सगळ्यांनी म्हणायचं, मग जेवण. बहुतेक वेळा आई मलेच विचारायची, "सांग बाबू, आज कोणतं?" मी आकडा आठवून सांगायचो आणि झक्कास म्हणायचो. आवाज चांगला होता माझा. विश्वास गेल्यानं आवाज खराब होतो असं काही नाही.

एका रविवारी चौकीदार फळा बदलायचा विसरला. आकडे आधीच्या आठवड्याचेच राहिले, आत पास्टरांनी दुसरीच गीतं सांगितली. मले काय माहीत! मी बिनधास्त त्यातलं एक गीत सांगितलं. आईच्या हातात वरणाची पळी होती, ती तशीच राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनंच गीत सुरू केलं — एक कडवं नाही, शेवटपर्यंत सगळं. भात पार थंड झाला. फळ्याची भानगड मले पुढच्या रविवारी पायरीवर कळली, चौकीदार स्वतःच हसून सांगत होता तेव्हा. माझे कान तापले.

त्या दिवसापासून आई परत येताना स्कूटरवर मागं बसून मले त्या दिवशीचा संदेश, म्हणजे प्रवचन, सांगू लागली. "पास्टर साहेब आज क्षमेवर बोलले बाबू, पण लय लांबवलं. ऐकून राहिला ना?" हाव आई, ऐकून राहिलो. मी चर्चमध्ये नसतो हे तिले कळलं होतं, आणि घरी कोणी विचारलं तर माझी फजिती होऊ नये म्हणून ती माझ्या खोट्याची सोय करून देत होती. हे मले समजलं. आणि समजल्यावर मी काय केलं? टपरीवर गेलो. तिले माहीत आहे हे मले माहीत, तरी दर रविवारी तेच — "गाडी लावून येतो." आणि ती दर वेळी म्हणायची, "ये मग."

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण हे तर अजून काहीच नाही.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे, पास्टर हातावर भाकरीचा तुकडा देतात, मग प्याला. त्याच्या आधी ते सांगतात, कोणाच्या मनात काही वाकडं असेल तर आधी सरळ करा, मग या. सगळे जरा वेळ मान खाली घालतात आणि उठतात. आई तशातली नव्हती. एकदा शेजारणीशी नळावरून तिचं वाजलं होतं, तर पहिल्या रविवारी सकाळी मले स्कूटर चालू ठेवाले लावून ती आधी तिच्या दारात जाऊन आली. पाच मिनिटांत दोघी रडून, हसून मोकळ्या. आईसाठी त्या भाकरीचा अर्थ तो होता. ती महिनाभर त्या सकाळची वाट पाहायची, आदल्या संध्याकाळी पांढरं पातळ काढून ठेवायची.

तिले गुडघे टेकता यायचे, पण उठता यायचं नाही. मेरी मावशी म्हणून तिची मैत्रीण होती, ती उठवायची. एका पहिल्या रविवारी मावशी नागपूरले गेलेली. मी आकडे पाहाले खिडकीशी आलो आणि आतून आईचा आवाज आला. "बाबू, ये ना बापा. उठव मले."

सगळं चर्च पुरुषांच्या बाकांकडे वळलं. बाजूचं दार माझ्या अगदी हाताशी होतं. आत गेलो असतो तर काय झालं असतं? हा बाहेरून आला, एवढंच लोकांनी पाहिलं असतं. त्यानं माझं काय जाणार होतं, सांगा? पण पाय हलेनात. आईनं हळूच मान वळवली, खिडकीकडे — मी तिथं येतो हेही तिले ठाऊक होतं. आमची नजर भेटली. आणि मी खाली बसलो. हो — लपलो. घोड्यासारखा वाढलेला माणूस, भिंतीले पाठ लावून, मातीत. आणि वरून ऐकलं, आई सगळ्यांना सांगत होती, "नाही नाही, ड्युटीवर गेला तो. मीच विसरली."

जिनं जन्मात कधी खोटं सांगितलं नाही ती बाई. कठड्याशी. भाकरीची चव तोंडात असताना.

पास्टरांनी आणि एका बाईनं तिले उठवलं. येताना स्कूटरवर तिनं संदेश सांगितला नाही. "हळू चालव," एवढंच म्हणाली.

पुढच्या पहिल्या रविवारी ती उठली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाकावर बसून राहायची, बाकी सगळे जाऊन यायचे. लोक समजले, गुडघे. पास्टर वाकून म्हणायचे, "आई, मी जागेवर आणून देऊ का?" ती नुसते हात जोडायची. तुमाले वाटेल मले हे कसं माहीत? खिडकीतून. मी अजून खिडकीतच होतो.

एकदा मेथी निवडताना मी तिले विचारलं. "आई, तू पुढं कावून नाही जात?"

"खोटं बोलली ना मी तिथं."

"मग पास्टर साहेबाले सांगून मोकळी हो."

"माझं एकटीचं असतं तर केव्हाच सांगितलं असतं." मग तिनं मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. "घाई नाही बाबू. मी वाट पाहून राहिली."

कळलं ना तुमाले? तिले खरं सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागत होतं. ते ती घेणार नव्हती. मी जाऊन एक वाक्य बोललो असतो — पास्टर साहेब, त्या दिवशी माझी ड्युटी नव्हती — की ती पुढच्या पहिल्या रविवारी पांढरं पातळ नेसून तयार. एक वाक्य! मी बोललो नाही. आज बोलू, पुढच्या महिन्यात बोलू. तिचे गुडघे, तिचं वय, सगळं मले दिसत होतं.

मग ती दवाखान्यात पडली. आता येतो तिथं, ज्याच्यासाठी एवढा फिरलो.

पास्टर साहेब दुपारी आले. आजाऱ्यांसाठी ते एक छोटा डबा आणतात, त्यात भाकर आणि प्याला. त्यांनी स्टुलावर पांढरा रुमाल पसरला. आईनं डबा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — रागानं पाहिलं असतं तर मी कसाबसा जगलो असतो. ती वाट पाहून राहिली होती. खोलीत आम्ही तिघंच. याहून सोपी जागा मले कधी मिळणार होती? माझं तोंड उघडलं. पास्टरही थांबले, त्यांनाही वाटलं असेल हा काहीतरी सांगणार. आणि मी म्हटलं, "साहेब, तिले गिळता येत नाही."

त्या सकाळीच तिनं माझ्या हातून वाटीभर पेज खाल्ली होती.

पास्टरांनी डबा बंद केला, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आईनं डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी गेली.

मातीले सगळे आले. लोक म्हणाले, किती सेवा केली पोरानं, दर रविवारी घेऊन यायचा. मी हात जोडून उभा होतो. त्यानंतर मी त्या रस्त्यानंही गेलो नाही.

रिटायर झालो, क्वार्टर सोडलं, दुर्गले पद्मनाभपुरात घर घेतलं. एका रविवारी बायकोनं ताट वाढलं आणि मी जेवेचना. नुसता बसलो. "काय झालं? मीठ कमी आहे का?" तिनं विचारलं. मी कशासाठी थांबलो ते मलेच कळेना. मग समजलं — गीत व्हायचं होतं. कोणी म्हणत नव्हतं. मी ताटावरून उठलो.

पुढच्या रविवारी स्कूटर काढून भिलाईले गेलो. या वेळी गाडी चर्चसमोर लावली. मराठीची माणसं आता थोडीच उरली. पास्टर नवीन, पोरगेलेसे. मी पुरुषांच्या शेवटच्या बाकावर बसलो. गीत सुरू झालं, आणि माझा आवाज निघेना — तोच, चांगला आवाज. ज्याच्यावर आपला विश्वास नाही, त्याची कोणाले एवढी आठवण येते का? मले यायची. येत होती. टपरीवर बसलो होतो तेव्हाही येतच असली पाहिजे, नाही तर दर रविवारी खिडकीशी कावून जात होतो मी? नुसते आकडे पाहाले? मी तिथं बसून म्हटलं, देवा, आलो. एवढंच जमलं. कोणीतरी ऐकलं. हे मी पैजेवर नाही सांगत, पण ऐकलं.

तेव्हापासून एक रविवार चुकवला नाही. पण पहिल्या रविवारी मी बाकावरच बसतो. सगळे कठड्याशी जातात. भाकर मोडल्याचा बारीक आवाज शेवटच्या बाकापर्यंत येतो आणि मले भूक लागते. खरोखरची, पोटात. इतकी की बाक धरून बसावं लागतं. आईनं ही भूक किती पहिले रविवार काढली असेल? आणि तिची भूक तर माझ्यामुळं होती.

मागच्या रविवारी पोरगेलेसे पास्टर माझ्यापर्यंत आले, वाकले, आणि हळूच म्हणाले, "काका, गुडघे दुखतात का? मी जागेवर आणून देऊ?"

"नाही," मी म्हटलं. "गुडघे चांगले आहेत माझे."

ते थांबले. हातात भाकर होती. बायांच्या बाजूचा पुढचा बाक रिकामा होता.

मी म्हटलं, "माझ्या आईले गिळता येत होतं."